'चालंल' म्हणजे नको

आमच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट जाडजूड झाला, त्याला काळं स्पायरल बाइंडिंग झालं आणि तो मुंबईतल्या एका कपाटात जाऊन बसला. पण जे रिपोर्टात घालता आलं नाही ते आमच्याजवळच उरलं. केदार सरांची उलटी कुठल्या प्रकरणात घालणार? जनीआत्याच्या शिव्या कुठल्या तक्त्यात बसवणार? त्यामुळे आम्ही तिघं-चौघं कधी भेटलो, की चहा यायच्या आधीच कोणीतरी "ते नागलीचं आठवतं का" म्हणून सुरू करतं, आणि मग उठायचं नाव कोणी घेत नाही.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. मी सुनंदा, मुरबाडची, नुकतीच बी. ए. झालेली. मुंबईच्या एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेला डोंगरातल्या वाड्यांवर काम करायचं होतं आणि इथली बोली कळणारी मुलगी हवी होती. मला घेतलं. माझे वडील रोज एसटीनं कल्याणला नोकरीला जायचे. बसमध्ये कोणी विचारलं, मुलगी काय करते, की त्यांची पंचाईत व्हायची. 'डिझाइन रिसर्च' हे काही त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच त्याचं मराठी केलं: "चौकशी खात्यात आहे."

पुढचे सहा महिने आमच्या बुद्धविहाराच्या आळीतली माणसं माझ्याशी फार जपून बोलत होती.

*

आमच्या टीमच्या प्रमुख मीरा मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. केदार सर तिशीतले, उंच, सतत कागदावर काहीतरी काढत बसलेले. आणि मी, फॉर्म भरायला.

वरची वाडी मुरबाड आणि शहापूरच्या मधल्या डोंगरात. जीप जिथं थांबते तिथून दीड तास चढ, मध्ये एक ओढा. पहिल्या दिवशी मी वाडीत सांगितलं की आम्ही डिझाइनवाले, संशोधन करायला आलोय. जनीआत्या पुढं आली. ती वाडीची सुईण. तिनं मॅडमना नीट बघून घेतलं आणि विचारलं, "काय हरवलंय तुमचं?"

मी म्हटलं, हरवलं काही नाही, आम्ही डिझाइनचं काम करतो. तेवढ्यानं काम झालं. बायका घराघरांत गेल्या आणि ब्लाउजपीस घेऊन आल्या. डिझाइन म्हणजे गळ्याचं, पाठीचं, फार तर मेंदीचं. केदार सर माझ्याकडे बघत राहिले. मॅडम मात्र खाली बसल्या आणि अर्धा दिवस ब्लाउजच्या पाठी बघत, बायकांशी बोलत राहिल्या.

त्या बोलण्यातच कमळचं कळलं. कमळ म्हणजे जनीआत्याची सून. मागच्या आषाढात तिला कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, आत्याच्या हाताबाहेरचं. मग झोळी केली. झोळी म्हणजे बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणूस मुटकुळं करून ठेवायचं आणि दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा. ओढ्यापर्यंत पोचले तोवर सगळं संपलं होतं. कमळ वाचली. मूल नाही.

हे सांगताना आत्या ब्लाउजपिसाची घडी घालत होती, परत मोडत होती.

परतताना जीपमध्ये केदार सर म्हणाले, "मॅडम, ते लोक आपल्याला टेलर समजतात."

मॅडम म्हणाल्या, "टेलर निदान आधी माप घेतो. आपण फॉर्म घेऊन आलो." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या की पुढच्या पावसाळ्याच्या आत ह्या वाडीतून बाई खाली सुखरूप आली पाहिजे, बाकी प्रोजेक्टमध्ये काय लिहिलंय ते मी बघून घेईन.

*

मार्गशीर्षात केदार सरांचं पहिलं मॉडेल आलं, स्ट्रेचरचं. अॅल्युमिनियमचे पाइप, निळं कॅनव्हास, घडी होणारं, चार कोपऱ्यांना चार मुठी. इतकं देखणं होतं की मलाच त्यावर पडून बघावंसं वाटलं. सगळी वाडी जमली, हात लावून बघितलं. मग मी फॉर्म घेऊन घरोघर गेले. प्रश्न होता, 'हे साधन आपण वापराल का?'

प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, "चालंल."

मी प्रत्येक फॉर्मवर 'होय' लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं की ते होय नाही. माझी आई नको असलेल्या स्थळाला 'चालंल की' म्हणूनच वाटेला लावते. पण पहिली नोकरी, समोर एवढे शिकलेले लोक. मी गप्प बसले. केदार सर जीपमध्ये होय मोजत होते आणि शीळ घालत होते.

आठ दिवसांनी गेलो. अंगणात स्ट्रेचर छान उघडून ठेवलं होतं आणि त्यावर नागली वाळत घातली होती.

केदार सरांचा चेहरा बघवेना. मी आत्याला बाजूला घेतलं. ती हळूच म्हणाली, "तुमी येवढ्या लांबनं वाहून आनलं, त्वांडावर नाय कसं म्हनायचं गो? पन जित्या बायला निजवून चौघांनी खांदा द्याचा?"

मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी कॅनव्हासकडे बघितलं, चार मुठींकडे बघितलं आणि नागलीचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

*

त्या संध्याकाळी मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या, टीमनं भाड्यानं घेतलेल्या खोलीत माझी खरडपट्टी निघाली. तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? मी म्हटलं, मला फॉर्म भरायला ठेवलंय. मॅडमनी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला, माझ्या हातात स्केचपेन दिलं आणि म्हणाल्या, "लिही. सगळं."

मी लिहिलं. 'चालंल' म्हणजे नको. 'बगू' म्हणजे नकोच. 'बरा हाय' म्हणजे तुम्ही जाणार कधी. 'ठेवून जा' म्हणजे नागली वाळत घालू.

केदार सरांनी विचारलं, "मग हवं असेल तर काय म्हणतात?"

ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. आई बाजारात कशी करते ते आठवून बघितलं. जे भांडं घ्यायचं नसतं त्याला ती छान म्हणते आणि खाली ठेवते. जे घ्यायचं असतं त्याचं बूड वाजवते, काठ तपासते आणि दुकानदाराला चार शब्द सुनावते.

"नावं ठेवतात," मी म्हटलं.

मॅडमनी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा उचलला आणि खाटेखाली सरकवला. म्हणाल्या, आजपासून फॉर्म बंद, आता शिव्या गोळा करायच्या.

*

केदार सरांनी मग हट्टच धरला की मला झोळीतून खाली न्या. वाडीतले दोघे तयार झाले, लहान्या आणि त्याचा भाऊ. सर सहा फूट. गुडघे छातीशी आणि हनुवटी गुडघ्यावर ठेवून त्यांना घोंगडीत कोंबलं आणि वरात निघाली.

भाताच्या बांधावरून दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, एकामागे एकच जावं लागतं, हे चौघांचं स्ट्रेचर काढताना आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. उतारावर झोळी पुढं सरकायची, दगडावर सरांची पाठ आपटायची, आतून 'अगं आई' ऐकू यायचं. ओढ्यापाशी लहान्यानं झोळी उतरवली, सर रांगत बाहेर आले आणि काठावर भडाभडा ओकले.

लहान्या घाम पुसत म्हणाला, "सायेब, पोटुशी बाय येवडी जड नसती."

आम्ही हसलो. सर नाही हसले. तोंड धुऊन ते दगडावर बसले आणि म्हणाले, "मला श्वास घेता येत नव्हता. आणि मला पोट नाही." मग खिशातून टेप काढून त्यांनी बांधाची रुंदी मोजायला घेतली. चढ परत चढून वाडीपर्यंत मोजत गेले. मला त्या दिवसापासून तो माणूस आवडायला लागला, सांगून टाकते.

*

पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला गेलो, घोंगडी घ्यायला. नवी कल्पना अशी होती की बांबू त्यांचाच, खांदे दोघांचेच, फक्त खाली बसायला लाकडी बैठक आणि पाठीला, कुशीला घोंगडी. केदार सर प्रत्येक घोंगडी ताणून बघत होते, वास घेत होते, उजेडात धरत होते. घोंगडीवाल्याचा जीव मेटाकुटीला आला. त्यानं विचारलं, पायजे कशाला?

"रिसर्चला," सर म्हणाले.

"त्यातली नाय माझ्याकडं," घोंगडीवाला म्हणाला. "काळी हाय आन् पांडरी हाय."

*

आता हा किस्सा आम्ही हसत सांगत नाही, पण वगळतही नाही.

धसईचे गणपत सुतार आमच्यात आले होते. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी सागाची बैठक केली, केदार सरांनी पट्टे लावले. माघात ती घेऊन आम्ही वाडीत गेलो. आंब्याच्या फांदीला बांबू अडकवला, बैठक टांगली. माणसं जमली. कमळ दारात उभी होती. सरांना बैठक किती अलगद हलते ते दाखवायचं होतं. त्यांनी तिला झोका दिला आणि आनंदानं म्हणाले, "बघा, अगदी पाळणा!"

रिकामी बैठक हलत राहिली.

रिकामा पाळणा हलवत नाहीत. आमच्याकडं लहान मुलालासुद्धा माहीत असतं. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्यासमोर तर कोणी असं स्वप्नातही करणार नाही. मी धावत जाऊन बैठक धरली, पण व्हायचं ते झालं होतं. आत्यानं कमळचा हात धरून तिला आत नेलं. बाकीची माणसं पांगली. त्या दिवशी आम्हांला कोणी 'चालंल'सुद्धा म्हटलं नाही.

आत्या थोड्या वेळानं एकटीच बाहेर आली. कमळला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा महिना. श्रावणात भरत होते. आत्या मला म्हणाली, "त्यास्नी सांग, ह्या वक्ताला तरी आमच्या वाटंला येऊ नका."

आम्ही सामान गुंडाळून खाली उतरलो. मला वाटलं, संपलं. सर जीपमध्ये डोकं धरून बसले होते, म्हणत होते, मी राजीनामा देतो. मॅडम म्हणाल्या की राजीनामा देऊन कमळ खाली येणार आहे का? येणार असेल तर आत्ता लिही, मी सही करते.

*

तोड काढली गणपत सुतारांनी. ते म्हणाले, तुम्ही दर वेळी पुरं करून नेता. पाहुण्याच्या पुऱ्या झालेल्या कामात कोण बोट घालणार? अर्धं न्या.

केदार सरांना हे पटेना. अर्धवट काम दाखवायचं नाही हे त्यांना कॉलेजात पाच वर्षं शिकवलं होतं. पण त्यांच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. चैत्रात आम्ही सुट्या फळ्या, पट्टे आणि घोंगडी घेऊन गेलो. आधी मॅडम आणि सर आत्याच्या ओट्यावर गेले. सरांनी हात जोडून माफी मागितली, मॅडमनी कमळच्या तब्येतीचं विचारलं, बाकी काही नाही. मग आम्ही आंब्याखाली जाऊन बसलो आणि गणपतकाका सावकाश एक गाठ बांधायला लागले. चुकीची.

अर्धा तास कोणी फिरकलं नाही. मग लहान्या आला, उभा राहिला, आणि त्याला राहवेना. "हाट, अशी गाठ सुटंल," म्हणून त्यानं दोर काढून घेतला. मग त्याचा भाऊ आला. मग एक म्हातारबाबा, ते बांबूच बदला म्हणाले. दुपारी ओट्यावरून आत्याचा आवाज आला, "आन् पाय कशाला लावंल ती? वाऱ्याला?"

ती खाली आली ती तोंडाचा पट्टा सोडूनच. कळ आली की बाई पायानं रेटा देते, पायाखाली फळी नको? पाठ एवढी उभी कशाला, ती काय शाळेत बसलीय? पाण्यातनं जाताना खालची घोंगडी भिजंल, ती वर घ्या. कोणी केलं हे, बाप्यानं केलं का?

केदार सर वहीत लिहीत होते. पेनातली शाई संपली तर माझं घेतलं. माझं संपलं तेव्हा गणपतकाकांची सुतारी पेन्सिल घेतली. इतक्या शिव्या खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

पावसाच्या आधी बैठक पुरी झाली आणि वाडीतच राहिली; नाव मात्र आम्ही काही दिलं नाही. वाडी तिला नुसतीच खुर्ची म्हणायला लागली.

*

श्रावणात एका सकाळी मी मुरबाडच्या सरकारी दवाखान्यावरून जात होते. पायरीजवळ ओळखीचा बांबू दिसला. खुर्ची भिंतीला टेकवलेली, चिखलानं माखलेली, आणि तिच्यात दवाखान्याचा वॉचमन पाय फळीवर ठेवून चुरमुरे खात बसला होता.

मी त्याला उठवलं कसं, मला आठवत नाही. पीसीओवरून मॅडमना फोन केला. त्या आणि सर त्या दिवशी कल्याणला होते, जीप करून तासाभरात आले. तोवर मी आत-बाहेर करत होते. कोणी काही सांगेना. लहान्या आणि त्याचा भाऊ कोपऱ्यात ओले बसले होते. लहान्या एवढंच म्हणाला, ओढ्याला पाणी कमरेला होतं, खुर्ची वर धरली.

मॅडम आल्या आणि त्याच वेळी आतून जनीआत्या बाहेर आली. आम्ही तिघं तिच्यासमोर उभे. आत्यानं केदार सरांकडे बोट केलं.

"त्यो उजव्या अंगाचा पट्टा," ती म्हणाली. "काचला तिला. हितं, काखंत. लाल झालंय सगळं."

मॅडमनी विचारलं, "आत्या, कमळ?"

"कमळ बरी हाय. पोरगी झाली, ती बी बरी हाय. पन पट्ट्याचं काय करता?"

मी तिथंच पायरीवर बसून रडले. मॅडम दवाखान्यामागं गेल्या आणि बऱ्याच वेळानं, तोंड धुऊन आल्या. केदार सर मात्र खाली बसून पट्टा मोजत होते.

*

मुंबईला मोठा सेमिनार झाला. मॅडमनी मलाही नेलं, स्टेजवर बसवलं. एका सुटातल्या साहेबांनी विचारलं, लाभार्थींची स्वीकृती तुम्ही कशी मोजली? मॅडमनी माईक माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "पहिल्या मॉडेलला सगळ्यांनी होय म्हटलं, ते फुकट गेलं. शेवटच्याला शिव्या दिल्या."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवून म्हणाले, "चालेल."

आमच्या रांगेत कोणी कोणाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

*

आणि हा शेवटचा. खुर्चीला सात-आठ वर्षं झाली होती. सगळ्यांकडे मोबाइल आले होते, जीप ओढ्यापर्यंत जायला लागली होती. केदार सर आता शिकवत होते. केस गेलेले, पोट आलेलं. ते वर्गातली दहा-बारा मुलं-मुली घेऊन आले, विषय होता 'गावातल्या पारंपरिक वस्तू'. मी सोबत गेले. सर म्हणाले, मी मागं राहीन, मुलांना काही सांगू नकोस, त्यांचं त्यांना बघू दे.

जनीआत्या ओट्यावर बसली होती. वाकलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. कमळची पोरगी शाळेत गेली होती. भिंतीला खुर्ची टांगलेली होती. फळी बदललेली, घोंगडी कितवी कोण जाणे, आणि उजवीकडचा पट्टा कुठल्यातरी जुन्या जीपच्या सीटचा, रुंद आणि मऊ. मुलांनी तिच्यावर झडप घातली. कोणी फोटो काढतंय, कोणी माप घेतंय. वाडीतून कोण कोण ह्यातून खाली गेलं ते बायका सांगायला लागल्या. आजूबाजूच्या वाड्यांनीही अशाच केल्या आहेत म्हणाल्या.

एका मुलीनं आत्याशेजारी बसून विचारलं, "आजी, ही कोणी बनवली?"

"कोन बनवनार?" आत्या म्हणाली. "हायेच ती. आमच्या आज्याच्या टायमापासनं."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. मग ती उठून सरांकडे आली, डोळे अगदी चमकत होते. "सर, बघा ना! पायाची फळी, पाठीचा कोन, पाण्याच्या वर घेतलेली घोंगडी. एकही डिझायनर न लागता. आपल्याला सुचलं असतं का हे?"

केदार सर म्हणाले, "नसतं सुचलं."

मी दुसरीकडे बघायला लागले. मुलगी पुन्हा आत्याकडे गेली आणि म्हणाली, आजी, हे आमचे सर, ह्यांना ह्यातलं खूप कळतं, ह्यात अजून काही सुधारायचं असेल तर ते करून देतील.

आत्यानं डोळ्यांवर हात धरला. केदार सरांना टकलापासून बुटापर्यंत सावकाश बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"त्याला हात लावू देऊ नको गो, सुनंदा," ती म्हणाली. "परत पाळना करंल तिचा."